पोटरी

त्या वर्षी संक्रांतीला मी घरी आले, तर आप्पा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांबरोबर चालायला गेले नव्हते. आमच्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं. ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी पांढरी बाराबंदी घालून सातही काठ्यांच्या मागे अनवाणी चालणारा माणूस दारात स्टुलावर बसून होता. डावा पाय खाली सोडलेला, घोट्यावर जुन्या धोतराची पट्टी. पट्टी मी सोडली. घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर, रुपयाएवढी जखम होती. भोवतीची कातडी काळपट तपकिरी, ताणलेली, चकचकीत. आणि तिथून वर पोटरीच्या आतल्या अंगाने निळ्या, नागमोडी शिरा गुडघ्यापर्यंत चढत गेलेल्या.

"कधीपासून आहे हे?"

"दसऱ्याच्या आधीपासनं," आई म्हणाली. "गल्लीतले म्हणायलेत रक्त खराब झालंय. डॉक्टरनं पावडर दिलीय, ती लावायलेत. कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायलेत. भरून यायचं नावच नाही."

१९८९ सालची ही गोष्ट. मी दुसऱ्या गावी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होते. तेव्हा पहिलं वर्ष दीड वर्षाचं असायचं. घरी निघायच्या चारच दिवस आधी आमच्या डिसेक्शनमधला, म्हणजे शवविच्छेदनातला, पाय संपला होता आणि वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मला विचारली गेली होती ग्रेट सफीनस व्हेन. शरीरातली सगळ्यांत लांब शीर. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याच्या अंगाने सुरू होते, आतल्या घोट्याच्या पुढून वर चढते, गुडघ्यापाशी थोडी मागे सरकते, मांडीतून जाऊन जांघेत फीमोरल व्हेनला मिळते. तिच्या फांद्या, तिच्यासोबत जाणारी नर्व्ह, तिच्यातल्या झडपा, सगळं मी न अडखळता सांगितलं होतं. सर खूश झाले होते.

तीच शीर आप्पांच्या पायावर करंगळीएवढी जाड होऊन माझ्यासमोर होती. मी ती ओळखली, तिचं नावही मोठ्याने घेतलं. आप्पांनी शांतपणे विचारलं, "बरं. पण अशी फुगली कशानं?"

मला सांगता आलं नाही.

आज पंचवीसेक वर्षं मी फिजिऑलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, शिकवते आहे, सोलापुरातच. पहिल्या वर्षाची नवी बॅच आली की मला दारातलं ते स्टूल आठवतं. मी अभ्यास केला नव्हता असं नाही. खूप केला होता. मला पायाची जागा न् जागा माहीत होती, तो पाय काय करतो हे माहीत नव्हतं. आणि ते माहीत नसल्याचंही मला कुणी जाणवू दिलं नव्हतं.

आमच्या कॉलेजात तळमजल्यावर डी-हॉल, म्हणजे डिसेक्शनचा हॉल, होता आणि वर फिजिऑलॉजीची लॅब. सकाळी आम्ही खाली माणसाच्या पोटरीतला गॅस्ट्रोक्नेमियस हा स्नायू उलगडायचो. त्याची दोन डोकी, दोन्ही गुडघ्याच्या वरून निघणारी. त्याच्याखाली पसरट सोलियस. दोघांचा मिळून टाचेला जाणारा जाड टेंडन. दुपारी एक जिना चढून वर गेलो की बेडकाचा गॅस्ट्रोक्नेमियस. सायाटिक नर्व्हसकट काढलेला, एका बाजूने टाचणीला, दुसऱ्या बाजूने तरफेला बांधलेला. धुरावर धरून काजळी चढवलेला कागद ड्रमवर गुंडाळायचा, नर्व्हला करंट द्यायचा, की स्नायू टुणकन आखडायचा आणि काळ्या कागदावर पांढरी टेकडी उमटायची. मग तो कागद वॉर्निशमध्ये बुडवून वाळत घालायचा. लेटंट पीरिअड इतका, कॉन्ट्रॅक्शन इतकं, रिलॅक्सेशन इतकं.

सकाळचा स्नायू आणि दुपारचा स्नायू एकच आहे, हे मला पुष्कळ नंतर उमगलं. नावही एकच होतं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पायाचं पोट. आपल्या पोटरी या शब्दातही पोट ऐकू येतंच. पण खालच्या मजल्यावर तो 'ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय' होता आणि वरच्या मजल्यावर 'सिंपल मसल ट्विच'. दोघांच्या मधला जिना आम्ही रोज चढायचो, एकटेच. शिकवणारं कुणी त्यावरून आमच्यासोबत आलं नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात फिजिऑलॉजीच्या वर्गात रक्ताभिसरण सुरू झालं आणि एके दिवशी सरांनी फळ्यावर उभा माणूस काढला. अगदी स्तब्ध उभा असलेल्या माणसाच्या पावलातल्या शिरांमध्ये रक्ताचा दाब साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा होतो, ते म्हणाले. हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्ताच्या खांबाचं सगळं वजन तिथे येतं. तोच माणूस चालायला लागला की दाब २० च्या खाली येतो. का? पोटरी आवळली जाते म्हणून. पोटरीचे स्नायू जाड, न ताणणाऱ्या पडद्याच्या पिशवीत बसवलेले असतात. ते फुगले की बाहेर जागा नसते, म्हणून ते आतल्या खोल शिरा पिळतात. सोलियसच्या आत तर रक्त साठवणारे लहान लहान हौदच आहेत, व्हीनस सायनसेस. पिळलेलं रक्त वर जातं, आणि झडपा असल्यामुळे खाली परत येत नाही. पाय उचलला, टेकवला, की एक ठोका. सर म्हणाले, पोटरी म्हणजे पायातलं हृदय.

मी वही मिटली. पुढचं मला ऐकू आलं नाही.

आप्पा साखर पेठेतल्या एका कारखान्यात चादरीच्या मागावर होते. बारा तासांची पाळी. दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहायचं, तुटलेला धागा जोडायचा, धोट्यातली कांडी संपली की बदलायची, वळून दुसऱ्या मागाकडे बघायचं. ते चालणं नव्हे. पाऊलभर इकडे, पाऊलभर तिकडे, आणि बाकी सगळा वेळ उभं. पोटरी आवळायचीच नाही. तीस वर्षं त्या शिरांवर तो खांब उभा होता. उभं राहणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही, झडपांचा दुबळेपणा कित्येकदा घराण्यातूनही येतो, आणि आमच्या आजीच्याही पायावर अशाच शिरा होत्या. पण मागाने उरलेलं काम पुरं केलं.

आणि मग संक्रांतीच्या आधी पाठ केलेला सगळा पाय एकदम जागा झाला. वरवरच्या शिरांतून खोल शिरांकडे जाणाऱ्या छोट्या जोडशिरा, म्हणजे परफोरेटर्स, मला नावानिशी येत होत्या. त्यांतल्या महत्त्वाच्या कुठे असतात? घोट्याच्या वर, आतल्या बाजूला. तिथल्या झडपा गळक्या झाल्या की पोटरीने पिळलेलं रक्त वर जायच्या ऐवजी बाहेर, कातडीखालच्या शिरांत येतं. दाब कातडीच्या केशवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्यांतून तांबड्या पेशी झिरपतात, फुटतात, त्यांतलं लोह कातडीत साठतं आणि ती तपकिरी होते. अशा कातडीचं पोषण होत नाही. तिला साधा ओरखडा गेला तरी जखम होते आणि भरत नाही. जखम नेमकी त्याच जागी का, हे ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, सांगत होती. मुळात झाली कशाने, हे फिजिऑलॉजी. मला दोन्हींची अर्धी अर्धी उत्तरं सहा महिन्यांच्या अंतराने मिळाली होती आणि तोवर आप्पांच्या पायाला पावडर लागत होती.

त्या रात्री मी अंतर्देशीय पत्र लिहिलं. पलंगाच्या पायथ्याखाली दोन दोन विटा लावा. जेवणाच्या सुट्टीत आडवे व्हा, पाय भिंतीला वर टेकवा. मागाशी उभे असताना दर थोड्या वेळाने टाचा वर-खाली करा, दहा वेळा. सर्जरीच्या सरांना विचारून क्रेप बँडेज बांधायची पद्धतही चित्र काढून पाठवली. बोटांपासून सुरू करायचं, गुडघ्याखाली संपवायचं, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी बांधायचं. दिवाळीला घरी गेले तेव्हा जखमेच्या जागी गुलाबी कातडी आली होती. आईने विटांना गेरू लावला होता.

फॅब्रिसियसची गोष्ट मी दर वर्षी सांगते, कारण ती मला आपल्याच घरातली वाटते. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात हा मोठा शरीरशास्त्रज्ञ होऊन गेला. शिरांमधल्या झडपांवर त्याने १६०३ मध्ये पुस्तिका छापली, सुंदर चित्रांसह. त्याने झडपांना दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ आहे छोटी दारं. दारं हृदयाच्या दिशेने उघडतात हेही त्याने पाहिलं. पण त्या काळच्या समजुतीप्रमाणे शिरांतलं रक्त हृदयाकडून बाहेर, हातापायांकडे वाहतं असं तो धरून चालला होता. म्हणून दारांचं काम त्याने असं लावलं की ती रक्ताचा लोंढा थोपवतात, सगळं रक्त पायात जाऊन साचू नये म्हणून. जागा अचूक, आकार अचूक, दिशाही डोळ्यांसमोर. क्रिया मात्र उलटी.

त्याच्याकडे शिकायला आलेला विल्यम हार्वी १६०२ मध्ये पदवी घेऊन इंग्लंडला परतला. पुढे म्हातारपणी त्याने रॉबर्ट बॉइलला सांगितलं की रक्त फिरतं हा विचार आपल्याला या झडपांवरूनच सुचला. १६२८ च्या त्याच्या ग्रंथात हाताचं चित्र आहे. दंडाला पट्टी आवळलेली, शिरा टरारलेल्या, झडपांच्या जागी गाठी. मला या गोष्टीत हार्वीच्या हुशारीपेक्षा एक दुसरी गोष्ट मोठी वाटते. गुरूने दाखवलेली रचना शिष्याने टाकून दिली नाही. तीच रचना हातात घेऊन त्याने विचारलं, हे दार असं असेल तर इथून काय जात असेल?

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असण्याची ती परंपरा पुष्कळ टिकली. बर्लिनला योहानेस म्युलर शरीररचना आणि शरीरक्रिया दोन्हींचे प्राध्यापक होते. १८५८ मध्ये ते वारले आणि त्यांच्या एका खुर्चीच्या दोन झाल्या. कारण समजण्यासारखं आहे. कार्ल लुडविगचा कायमोग्राफ, म्हणजे आमच्या काजळीच्या ड्रमचा पूर्वज, १८४० च्या दशकात आला होता. दाब, वीज, वायू मोजायची यंत्रं आली, एका माणसाला दोन्ही पेलेनात. संशोधनासाठी वेगळं होणं गरजेचंच होतं. पण संशोधकांनी सोयीसाठी घातलेली भिंत पहिल्या वर्षाच्या पोरांच्या डोक्यात जशीच्या तशी उतरली, तिथे माझं मन अजून अडतं.

आपल्याकडे आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमातही विषय दोन आहेत, रचना शारीर आणि क्रिया शारीर. निदान नावात तरी शारीर दोन्हीकडे राहिलं. नर्सिंगच्या मुलींना मात्र ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हा एकत्र विषय म्हणून शिकवायची जुनी रीत आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी नर्सिंगच्या वर्गांनाही शिकवायला जायचे. तिथे मला एकटीलाच पोटरी दाखवायची असायची आणि एकटीलाच चालवायची असायची. अभ्यास उथळ होता, मान्य. पण त्या मुली मला विचारायच्या, "मॅडम, मग पेशंटला पाय वर ठेवून झोपवायचं का?" एमबीबीएसच्या वर्गात हा प्रश्न मला फार क्वचित आलाय. तिथे विचारतात, "मॅडम, हे फिजिऑलॉजीत येतं का ॲनाटॉमीत?"

एकदा एक मुलगा दोन पुस्तकं उघडी धरून माझ्या खोलीत आला. एकात लिहिलं होतं, एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या एऑर्टा या मोठ्या धमनीच्या तोंडाची झडप, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या अर्ध्या भागामागे, तिसऱ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीला. दुसऱ्यात, एऑर्टिक व्हॉल्व्हचा आवाज हाडाच्या उजव्या बाजूला, दुसऱ्या फटीत ऐकावा. त्याला वाटलं, छपाईची चूक आहे. कोणत्या पुस्तकात, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी त्याला म्हटलं, देवळातली घंटा वाजते तिथेच उभं राहून ऐकतोस की वाऱ्याच्या दिशेला? झडप मिटते एका जागी, पण तिचा आवाज पुढे रक्ताच्या वाटेने एऑर्टाबरोबर वर आणि उजवीकडे जातो, आणि एऑर्टा जिथे छातीच्या भिंतीजवळ येते तिथे आपल्याला ऐकू येतो. त्याने स्वतःच्या छातीवर आधी एक बोट ठेवलं, मग दुसरं. दोन्हींमधलं अंतर बघत तो कितीतरी वेळ बसला. अशी दोन बोटं एकाच वेळी ठेवायला मिळणं, एवढंच माझं मागणं आहे.

१९९७ च्या नियमांनी दीड वर्षाचं पहिलं वर्ष एका वर्षावर आलं. तेव्हा दोन्ही विभागांनी आपापले तास वाचवायची धडपड केली, जे साहजिकच होतं. भिंत मात्र आणखी जाड झाली. २०१९ पासून नवा, क्षमतेवर आधारलेला अभ्यासक्रम आला आणि त्यात विषयांची सांगड घालण्याला अधिकृत जागा मिळाली. जगात हे नवं नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५२ मध्येच विषयांऐवजी अवयवसंस्थांप्रमाणे शिकवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे कागदावर आलं याचा मला मनापासून आनंद झाला. पण सांगड म्हणजे वेळापत्रक जुळवणं, असा अर्थ बहुतेक ठिकाणी निघाला. हृदयाची ॲनाटॉमी आणि हृदयाची फिजिऑलॉजी एकाच आठवड्यात. त्याचाही उपयोग होतो, सहा महिन्यांचं अंतर चार दिवसांवर येतं. तरी जिना तसाच राहतो. मुलांनी तो एकट्यानेच चढायचा.

म्हणून मी आमच्या ॲनाटॉमीच्या सरांकडे गेले. वयाने माझ्यापेक्षा मोठे, डी-हॉलमध्ये सकाळी सगळ्यांच्या आधी येणारे. म्हटलं, सर, पायाच्या तासाला मी तुमच्याबरोबर टेबलापाशी उभी राहू का? ते लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुमची झडप दोन तासांत दाखवून होईल. गुडघ्यामागचा खळगा साफ करायला माझ्या पोरांना दोन दिवस लागतात. चरबी काढता काढता नर्व्ह हाताला कळते. ते दोन दिवस मला कमी करू नका."

त्यांचं म्हणणं मी तेव्हाही मानलं आणि आज तर जास्तच मानते. एकत्र शिकवण्याच्या उत्साहात डिसेक्शनचा सावकाशपणा गेला तर आपण हातात येणारं ज्ञान घालवून बसू. शिवाय सगळ्याच गोष्टींची जोडी लागत नाही. कवटीच्या तळातल्या कितीतरी भोकांना आणि फांद्यांना पहिल्या वर्षाला सांगावी अशी क्रिया नाही. रक्तातल्या आम्ल-अल्कलीच्या तोलाला बोट ठेवावं अशी एक जागा नाही. ओढूनताणून लग्नं लावू नयेत. पण जिथे रचना बघितल्याशिवाय क्रिया कळतच नाही, तिथे वेगळं शिकवणं हा मुलांवर अन्याय आहे. किडनी उभी कापली की आतल्या पिरॅमिडमध्ये सरळ रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजेच खाली जाऊन वळून वर येणाऱ्या नळ्या आणि त्यांच्या सोबतच्या रक्तवाहिन्या. त्या तशा जवळजवळ, समांतर, उलट्या दिशांनी वाहतात म्हणूनच आतला भाग खारट होत जातो आणि लघवी रक्ताच्या चौपट दाट होऊ शकते. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला असताना विडी वळत पत्र्याच्या घरात बसलेली बाई त्या रेघांच्या जोरावर दिवस काढते. किडनी हातात न घेता हा धडा फळ्यावर शिकवला की मुलं आकडे पाठ करतात आणि पुढच्या वर्षी विसरतात.

शेवटी सरांनी आणि मी असं ठरवलं की त्यांचे दोन दिवस तसेच राहतील आणि माझा एक तास मी तिथे घेऊन येईन.

पहिल्या तासाला त्यांनी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. पाय उघडायचा म्हणजे आधी कातडी सोलायची. ती एकदा सोलली की तिच्याकडे कुणी बघत नाही. त्या दिवशी त्यांनी मुलांना सुरी खाली ठेवायला सांगितली. देहदान केलेल्या एका आजोबांचा देह होता. "आधी यांचा पाय बघा," ते म्हणाले. टाचांना खोल भेगा. आतल्या घोट्याच्या वर काळपट डाग, तळहाताएवढा. मी दचकले. मला आप्पांचा पाय दिसला. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मुलांना विचारलं, "हे काय काम करत असतील?" कुणी शेती म्हणालं, कुणी कंडक्टर. आम्हाला उत्तर माहीत नव्हतं, त्यांचं आयुष्य आम्हाला माहीत असायचं कारणही नव्हतं. पण तो डाग काय सांगतो ते त्या तासाला सगळ्यांनी बघितलं, आणि मगच सुरी चालली.

सफीनस व्हेन मोकळी झाल्यावर सरांनी तिचा वीतभर तुकडा उभा चिरला. झडप म्हणजे काय? कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखे दोन खिसे, समोरासमोर. चिमट्याने उचलले नाहीत तर दिसतसुद्धा नाहीत. शेजारच्या न चिरलेल्या भागात एका मुलीने बोथट सळई घातली. खालून वर सरळ गेली. वरून खाली अडली. तिने पुन्हा घातली, पुन्हा अडली. मी शब्दही बोलले नव्हते.

मग आम्ही जिवंत पायाकडे वळलो. एका सडपातळ मुलाच्या दंडाला बीपीचा पट्टा ६० पर्यंत फुगवून हार्वीचा प्रयोग केला. हातावरच्या शिरा टरारल्या. एक बोट खाली दाबून ठेवायचं, दुसऱ्या बोटाने शीर वरच्या गाठीपलीकडे निपटायची, आणि वरचं बोट उचलायचं. रक्त वरून परत येतं ते गाठीपाशी थांबतं, खालचा तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट उचललं की क्षणात भरतो. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याच्या हातावर करून बघितलं. त्याच मुलाला बूट-मोजे काढून दहा मिनिटं स्तब्ध उभं केलं, हलायचं नाही. पावलावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. "आता टाचा उचल," मी म्हटलं, "दहा वेळा." सहाव्या-सातव्या वेळी शिरा बसायला लागल्या. टेबलावर सोलियस उघडा होता, त्याच्या शेजारी त्या मुलाचा सोलियस कातडीखाली गोळा होत होता, सुटत होता. मुलं आळीपाळीने दोन्हींकडे बघत होती. बेडूक केव्हाच गेले, आता तो ट्विचचा आलेख संगणकावर दाखवतात. पण त्या दुपारी वरच्या मजल्यावरचा प्रयोग खालच्या मजल्यावर आला होता.

एक मोठी अडचण उरलीच होती. परीक्षा. वर्गात कितीही सांगड घाला, पेपर दोन, वायवा दोन, आणि मुलं परीक्षेच्या बाजूने अभ्यास करतात, त्यांचा त्यात दोष नाही. ॲनाटॉमीच्या वायवाला 'रिलेशन्स सांग' आणि फिजिऑलॉजीच्या वायवाला 'मेकॅनिझम सांग' असं ठरलेलं असतं. गेल्या महिन्यात आतल्या चाचणीपुरती सरांनी परवानगी मिळवली. एक टेबल, एक पाय, परीक्षक दोघं.

तिसऱ्या नंबरला एक मुलगी आली. घाबरलेली, ओढणी बोटाला गुंडाळत होती. सरांनी सोलियसवर चिमटा ठेवला. "हा कोण?"

"सोलियस, सर." ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह, सगळं पटापट आलं.

"आत काय आहे?"

"व्हीनस सायनसेस, सर. त्यांच्यात झडपा नसतात."

मी विचारलं, "मग त्यांच्यातलं रक्त वर कसं जातं?"

ती थांबली. वर छताकडे बघितलं, ओठ हलले, पाठ केलेलं काहीतरी शोधत होती, ते सापडत नव्हतं. मग तिच्या नकळत तिच्या टाचा वर उचलल्या गेल्या. खाली आल्या. पुन्हा वर गेल्या. तिने मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि सावकाश, शोधत शोधत बोलायला लागली, स्नायू पिळतो, बाहेर पडदा घट्ट आहे, मग रक्ताला जायला वाट वरच्या खोल शिरेचीच, आणि तिथे झडपा आहेत, म्हणून परत नाही येत, आणि मॅडम, बाहेरच्या शिरांतलंही मग आत ओढलं जात असणार. ते शेवटचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बोलताना टाचांची लय चुकली नाही.

सरांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. मार्क आमच्या दोघांच्या मनात एकच होते. त्यांनी ते त्यांच्या विभागाच्या तक्त्यात भरले, मी माझ्या. तक्ते अजून दोनच आहेत.